आठवा आवाज

फुलंब्री,
६ एप्रिल २०२५

चि. श्रेया हिस कारभारीमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू आमच्याकडं ठेवून गेलेलं भूकंपाचं मशीन फुकट आहे असं तू म्हणाली होतीस. त्याचा खरा खर्च कळवतो. मशीनसाठी मागची खोली रिकामी केली, तिथले कांदे माझ्या पलंगाखाली आले आणि आता माझ्या सदऱ्यांना कांद्याचा वास येतो. जवळ हादरा नको म्हणून तू आपली पिठाची चक्की बंद करायला लावलीस, तेव्हा दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गावात मी जातो. कोंबड्या हलवल्या, त्या रुसल्या, तीन आठवडे अंडं नाही. आणि सगळ्यात महाग म्हणजे झोप. तुझं मशीन माझ्या उशाच्या भिंतीपलीकडं सारखी बारीक शिटी वाजवतं. तुझ्या मामीला ती ऐकू येत नाही. तिचे कान साधे, माझे धंद्याचे.

धंद्याचं तुला नव्यानं काय सांगू? बाराव्या वर्षी विहिरीवर दगडाच्या पाट्या उचलायला लागलो. आज स्वतःचा कॉम्प्रेसर, स्वतःचा परवाना आणि चारशे बारा विहिरी. तू म्हणतेस, प्रत्येक सुरुंगाची वेळ आणि किती होल भरले ते वहीत लिहा अन् पानाचा फोटो पाठवा. पाठवतो. पण सुरुंग फुटला का नाही हे कळायला मशीन कशाला, मला विचार की. आमचे सुरुंग एकामागून एक फुटतात. आठ भरले तर आठ आवाज मोजायचे. मी बोटांवर मोजतो आणि सगळे माझ्या बोटांकडं बघतात. माझी बोटं आठ झाली की दुसऱ्या दिवशी माणूस विहिरीत उतरतो. एक जरी आत राहिला आणि वरून पहार बसली, तर माणूस सापडत नाही. छत्तीस वर्षांत माझा एक आवाज चुकलेला नाही.

सध्या गयासच्याच शेतात विहीर चालू आहे. तीस वर्षांचा भागीदार, त्याच्याकडून मजुरी काय घेणार! पहिल्यांदा उतरायचं काम त्याचा फरहान करतो. त्याचं लग्न अठरा मेला आहे, नवऱ्यामुलानं उतरू नये असं त्याची आई आबेदाभाभी म्हणते. मी तिला सांगितलं की भाभी, मोजायला मी आहे.

फोन करत जाऊ नको, पत्र लिही. हैदराबादला गेल्यापासून तुझा आवाज लई बारीक झालाय. तसं तर हल्ली सगळेच पुटपुटतात.

माया आहेच, ती हैदराबादच्या उन्हात वाळू देऊ नको.

तुझा,
कारभारीमामा

———

हैदराबाद,
१३ एप्रिल २०२५

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकिटालाही कांद्याचा वास होता. चक्कीबद्दल मामीची मी वेगळी माफी मागते, कोंबड्यांची तुम्ही माझ्या वतीनं मागा.

मशीन कशाला, हे एकदा नीट सांगते. जगात कुणी जमिनीखाली चोरून बॉम्ब फोडला तर तो लांबच्या माणसांना ऐकू येत नाही, पण जमिनीतून लाटा जातात आणि मशिनांना कळतो. अवघड काय, तर तो स्फोट होता की भूकंप हे ओळखणं. तुम्ही रागावलात की घरातल्या सगळ्यांना सारखंच बाहेर ढकलता, हा स्फोट. कुठल्याही दिशेला मशीन ठेवा, पहिला धक्का बाहेरच. मामी रागावली की एकाला ढकलते आणि दुसऱ्याला जवळ ओढते, हा भूकंप. एवढ्यावरून आम्ही ओळखतो. मोठ्यांचं सोपं असतं, लहानांचं फसतं. म्हणून मला खात्रीचे लहान स्फोट हवेत, ज्यांची वेळ आणि संख्या एका भरवशाच्या माणसानं लिहून ठेवली आहे. आमच्या संस्थेतल्या साहेबांना मी सांगितलंय की कारभारीमामांची वही म्हणजे पंचांग.

सोबत बूट पाठवते आहे. जाड रबरी तळव्याचे आहेत. मागच्या वेळी तुम्ही विहिरीवर चपला काढून तापलेल्या खडकावर उभे होतात, ते मला बघवलं नाही. सुरुंगाच्या वेळी तरी नक्की घाला. माझी शपथ आहे.

शिटीचं मी बघते. ती दिवसाही वाजते का, आणि घरापासून लांब गेल्यावरही, एवढं कळवा.

मामीला नमस्कार. तुमच्या मायेची सावली इकडच्या उन्हात पुरते आहे.

आपली,
श्रेया

———

फुलंब्री,
२५ एप्रिल २०२५

चि. श्रेयाबाईस मामीचा आशीर्वाद.

मी सातवी शिकलेली, चुकलं तर हसू नको. परवा संध्याकाळी यांनी गयासभाईच्या विहिरीत आठ सुरुंग उडवले. वहीत लिहिलं, होल आठ, आवाज आठ. फरहाननं फोटो पाठवला. काल सकाळी तू यांना फोन केलास. हे व्हय व्हय म्हणाले, आंबे उतरले की पेटी पाठवतो म्हणाले, आणि फोन ठेवून शेताकडं गेले. मला वाटलं, पोरीनं सकाळी सकाळी आंबे मागितले.

मग माझा फोन वाजला. तू रडत रडत म्हणालीस की मशीनवर सातच धक्के आहेत, आठवा नाय, कुणाला उतरू देऊ नका. तशीच पळत गेले. माणसं विहिरीत सोडायची ती यारी, तिच्या बादलीत फरहान पाय टाकायच्या बेतात होता. मला दम लागलेला, बोलता येईना. मग मी त्याला बाजूला ढकललं आणि बादलीत स्वतःच बसले.

हे लई तापले. छत्तीस वर्षं काढली, कालच्या डब्ब्यानं मला मोजायला शिकवायचं का, असं म्हणाले. गयासभाई एकदा माझ्याकडं बघे, एकदा यांच्याकडं, आणि भाभी, उतर जाओ, एवढंच म्हणे. मी म्हणाले, मशीन सात म्हणतं, मालक आठ म्हणतात, याचा निकाल लागेपर्यंत बादली हलायची नाय. आणि गयासभाईला विचारलं, तुम्ही किती मोजले? तो म्हणाला की त्यानं तीस वर्षांत कधी मोजलेच नाहीत, कारभारीची बोटं बघितली.

यावर यांनी एकदम खाली बघितलं, आपल्या पायांकडं. मग ते बूट काढले आणि हातात घेतले. कुणी उतरायचं नाय, असं स्वतःच म्हणाले. वरून उजेड मारून बघितलं तर कडेचा एक होल भरलेला, जसाच्या तसा. परवान्यात लिहिलंय तसं सगळ्यांना लांब करून यांनी तो संध्याकाळी स्वतः उडवला. आबेदाभाभीनं माझ्या गळ्यात पडून माझं लुगडं भिजवलं.

हे रात्री जेवले नाहीत. त्यांना लागेल असं काही लिहू नको. पण बाई, मला दोन वर्षांपासून शंका आहे. हे माझ्या तोंडाकडं बघतात तेव्हाच त्यांना माझं बोलणं कळतं. मी पाठमोरी झाले की संसार बंद.

अशीच फोन करत जा, मात्र मला.

तुझी,
द्वारकामामी

———

फुलंब्री,
२८ एप्रिल २०२५

चि. श्रेया हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या मामीनं तुला पत्र टाकलंय हे मला माहीत आहे. पोष्टाचं तिकीट माझ्याच पेटीतून गेलंय. तिनं काय लिहिलं ते विचारत नाही. माझं मी लिहितो.

कान जाऊन सात-आठ वर्षं झाली. एकदम गेले नाहीत, पाव्हण्यांसारखे एकेक करून उठले. डावा आधी. धंदा सोडला असता, पण एक दिवस चपला काढून उभा होतो आणि सुरुंग फुटला, तर तळव्याला धक्का बसला. दुसरा फुटला, दुसरा धक्का. कानानं मोजताना वारा आडवा येतो, डोंगरावरून आवाज परत येतो. पायाला हे काही नाही. तेव्हापासून मी पायानं मोजतो आणि लोकांना वाटतं, काय कान आहेत!

त्या दिवशी तुझी शपथ म्हणून बूट घातले. गादीवर उभा असल्यासारखं झालं. धक्का लागेना. आता चार माणसांत बूट कसे काढू? मग मी गयासच्या खांद्यांकडं बघितलं. आवाज झाला की तो दचकतो, तीस वर्षांत सवय गेली नाही. त्याचे खांदे आठ वेळा उडाले, मी आठ बोटं केली. काल त्याला खोदून विचारलं. म्हणाला, सातव्यानंतर धूळ नाकात गेली. म्हणजे आठवा सुरुंग ही गयासची शिंक होती.

हे लिहिताना हसू येतंय. पण काल फरहान पत्रिका द्यायला आला, पाया पडला, आणि मला त्याच्या डोक्यावर हात ठेवायला जरा वेळ लागला. त्याला आणि गयासला सगळं खरं सांगितलं. गयास म्हणाला की त्याला चार वर्षांपासून माहीत आहे, पण माझा धंदा बसेल म्हणून बोलला नाही. मी त्याला लई शिव्या दिल्या. त्यानंही दिल्या, त्या मला नीट दिसल्या.

आता सुरुंग मोजायचं काम फरहानकडं दिलंय. तुझ्या साहेबांना सांग, वहीवर भरवसा ठेवू नका.

रागावली नसशील तर दोन ओळी टाक, रागावली असशील तर चार.

कारभारीमामा

———

हैदराबाद,
४ मे २०२५

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

रागावले आहे, म्हणून चार ओळी. तुमची सगळी वही मशीनशी ताडून बघितली. मशीन बसवल्यापासून तुम्ही तेवीस वेळा सुरुंग उडवलेत. बावीस वेळा तुमचा आकडा आणि मशीनचा आकडा एकच आहे. चुकलेला एकच, माझ्या बुटांतला. आमच्या साहेबांनी हे ऐकून चष्मा पुसला. म्हणाले की मशीन जे करतं तेच हे गृहस्थ तळपायानं करत होते. वही तशीच राहणार.

पण मामा, पाय फोन उचलू शकत नाहीत. शहरात औरंगपुऱ्यात कानाचे डॉक्टर आहेत, आठ तारखेची वेळ घेतली आहे. मामी सोबत येईल. डॉक्टरांच्या तोंडाकडं बघायचं नाही. मशीन त्याच दिवशी आमचा माणूस गयासकाकांच्या शेतावर हलवेल, म्हणजे मामीची चक्की सुरू होईल.

लग्नाला मी येते आहे. माझ्या वाटची माया तेव्हा समोरच घेईन.

आपली,
श्रेया

———

फुलंब्री,
२८ मे २०२५

चि. श्रेया हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू लग्नाहून निघालीस आणि दुसऱ्याच दिवशी कानाचं यंत्र आलं. उजव्या कानात बसवलं. डावा डॉक्टरांनी सोडून दिला. कोंबड्यांची कटकट एवढी मोठी असते हे विसरलो होतो. चक्की म्हणजे तर रेल्वेच. आणि तुझी मामी पुटपुटत नाही. चांगली खणखणीत बोलते, आणि बरंचसं माझ्याबद्दलच. अधूनमधून मी यंत्र काढून ठेवतो.

विहिरीला काल पाणी लागलं. फरहान वर येऊन काय ओरडला ते मी पाठमोरा असतानाही ऐकलं. बूट मी कोंबड्यांच्या खोलीत ठेवलेत. एकीनं त्यात अंडं घातलंय.

आता खुशाल फोन करत जा. तरी महिन्याला एक पत्र टाक. कान आले म्हणून डोळ्यांना उपाशी ठेवू नको.

तुझा,
कारभारीमामा

ता. क. तुझं मशीन गयासच्या शेतावर नेऊन आज वीस दिवस झाले. शिटी अजून माझ्या उशाशीच वाजते.