आधी वरचा प्लग

आप्पा, आज मी तुमचा नियम मोडला. गाडीच्या मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीचं, तेल बदलताना खालचा, तेल सोडायचा प्लग आधी उघडला. सगळं तेल ट्रेमध्ये आलं, आणि मग वरचा, नवं तेल भरायचा प्लग जागचा हलेना. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने गाडीचं पोट गंजतं. पंचवीस वर्षं हे बघते आहे. तरीही.

ग्वेल्फ गावातल्या या घरी आमची एक जुनी मोठी गाडी आहे, चारही चाकांना जोर जाणारी. तिची तेलं आम्ही दोघं घरीच बदलायचो, ड्राइव्हवेमध्ये, थंडी पडायच्या आत. तुमचे जावई खाली झोपायचे, मी हत्यारं पुढे करायचे. गेल्या वर्षी त्यांचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा, सकाळी सातला. आता ते खुर्चीत ब्लँकेट गुंडाळून बसतात आणि खाली मी असते. शनिवार-रविवार पावसात गेले, म्हणून काम आजवर आलं. आज थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचा सोमवार, सगळी गॅरेजं बंद. उद्या सातला त्यांना हॉस्पिटलात पोचवायचं, आणि गाडी चार स्टँडवर उभी, मागची पेटी कोरडी ठणठणीत.

चूक थकव्याने झाली असं मी लेकीला सांगितलं. खरं तर रागाने झाली. ती सुट्टीसाठी टोरोंटोहून आली होती, आणि मी गाडीखाली असतानाच तिने विषय काढला. "आई, घर विका ना. माझ्या बिल्डिंगमध्ये वन-बेडरूम कॉन्डो रिकामा होतोय. यू कान्ट कीप डूइंग धिस."

"गिअरबॉक्स झाला, ट्रान्सफर केस झाला. एकच राहिलंय."

"दॅट्स नॉट व्हॉट आय मीन."

"तू काय म्हणतेस ते मला कळतं," मी म्हटलं, आणि हाताला लागला तो प्लग सोडला.

वरच्या प्लगशी माझी झटापट सुरू झाली तेव्हा तुमचे जावई वाकून बघत म्हणाले, "काय मुकादम, पेशंटचं रक्त काढलंत. आता चढवणार कुठून?" मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. लेक हसली नाही. हातात फोन घेऊन उभी होती, उद्यासाठी टॅक्सी शोधत. टॅक्सी मिळाली असती, आप्पा. पण मग उद्यापासून या घराचा निर्णय माझ्या हातात राहिला नसता. गाडी मला चालवता येते, सांभाळता येते, यावर आमचं इथलं राहणं उभं आहे. हे तिला ठाऊक आहे आणि मलाही.

गाडीखाली पडल्या पडल्या तुमचा डेपो आठवला. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत तुमचा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये आले आहे. तुम्ही बसखालच्या खड्ड्यात उभे. "करून बघतेस?" म्हणता. मी ओढणी कमरेला बांधून उतरते आणि समोर दिसेल तो प्लग सोडते. काळं तेल माझ्या चपलांवर. तुम्ही चार फिटरांसमोर ओरडता, "बी.एस्सी.ला हेच शिकवतात का? भरायचं तोंड उघडतंय का ते आधी बघ, मग खालून सोड!" त्यानंतर आठ दिवस मी डबा घेऊन आले नाही, आईला पाठवलं. तुम्ही एकदाही समजूत काढली नाहीत. मीही लेकीची काढत नाही.

आणि तो पाना. इकडे यायला निघाले तेव्हा तुम्ही तुमचा स्वतःचा पाना मला दिलात, हातभर लांब, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. "परक्या मुलखात हत्यार असावं," म्हणालात. नंतर फोनवर दर वेळी तब्येत, हवा, आणि मग तेच, "पाना वापरतेस का?" "वापरते ना, आप्पा." या गाडीच्या एकाही बोल्टला तो बसत नाही, पण तेलं बदलायची असली की इतर हत्यारांबरोबर मी तोही बाहेर काढते.

आज गंजावर तेल फवारलं, प्लगभोवती गरम हवा दिली, थांबले, पुन्हा फवारलं. मग प्लगला लावलेल्या हत्याराच्या हँडलवर लोखंडी पाइप चढवला आणि लेकीला म्हटलं, "इकडे ये. हा खाली दाबून धर."

"आई, इज धिस सेफ?"

"नाही. धर."

तिने फोन खिशात टाकला, गुडघे ओल्या सिमेंटवर टेकले आणि दोन्ही हातांनी धरलं. हातोडी गॅरेजच्या आत होती, उठायची ताकद नव्हती. शेजारी तुमचा पाना होता. त्यानेच पाइपवर तीन घाव घातले. पान्याने ठोकू नये, हाही तुमचाच नियम. तिसऱ्या घावाला कट्कन आवाज झाला आणि प्लग सुटला. खालचा प्लग परत लावून नवं तेल वरच्या तोंडातून बाहेर ओघळेपर्यंत पंपाने भरलं. त्याचा वास तुमच्या खाकी शर्टाचा. लेक म्हणाली, "नेक्स्ट इयर कोण करणार?" मी वरचा प्लग घट्ट आवळला. पाठ अजून सरळ होत नाही.

हे मी डायलिसिसच्या वेळापत्रकाच्या कोऱ्या बाजूला लिहिते आहे. आता ते परत फ्रिजवर लावायचं, लिहिलेली बाजू आत. त्याआधी एक सांगते. निघताना सामानाचं वजन जास्त भरलं, तेव्हा मी पाना काढून तुमच्या ट्रंकेमागे सरकवला होता. त्याच्या जागी लोणच्याची बरणी ठेवली. तुम्ही गेल्यावर मी तिकडे आले आणि तुमची हत्यारांची पेटी उघडली, तर तो आत, त्याच वर्तमानपत्रात. तेव्हा कुठे तो माझ्याबरोबर इकडे आला. म्हणजे इतकी वर्षं ठाऊक असूनही तुम्ही विचारत होतात, आणि मी वापरते म्हणत होते.

आज वापरला, आप्पा. ठोकायला.