दिवेवाल्याचं शेवटचं पान

३, गुरुवार

‘पोलादी घार’ कॉमिक्सचा सातवा खंड संपला. काय हा चावटपणा! मागच्या खंडात बाईला एवढी वाजतगाजत मारली, आणि इथे आठव्या पानावर हजर. म्हणे मेलेली दुसरीच होती! मेलेल्या माणसाने मेलेलं राहावं, एवढी तरी शिस्त नको? चित्रं मात्र झकास.

दादाला वाचून दाखवायला तीन संध्याकाळी गेल्या. उजवा डोळा गेल्या वर्षीच गेला त्याचा. डाव्यापुढे दोन महिन्यांपासून धुकं. तरी दर शनिवारी नव्या कॉमिक्सबद्दल बोलून, फोनवर रेकॉर्ड करून कार्यक्रम नेटवर टाकतोच. नऊ वर्षं एक शनिवार चुकलेला नाही. आता वाचायचं मी, बोलायचं त्याने. ‘आधी चौकट केवढी ते सांग. मग कोण कुठे बघतंय. मग फुग्यांतले संवाद वाच. तुझं मत नको, शहाणे!’

म्हणून मत इथे लिहिते. इथे कोण ओरडणार!

५, शनिवार

‘दिवेवाला’, खंड दहा. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, उजवीकडून डावीकडे वाचायचं. पहिल्या दिवशी मी चौकटी उलट्या वाचल्या तेव्हा दादाने चांगलंच झाडलं होतं.

गावोगाव रस्त्यावरचे दिवे लावत फिरणारा म्हातारा, आणि त्याचीच नजर जात चाललेली. सलग नऊ पानं एक शब्द नाही, नुसता रस्ता. मला कंटाळा आला. दादाने प्रत्येक पानावरचे दिवे मोजायला लावले. ‘हा माझा माणूस,’ म्हणाला.

७, सोमवार

दादाची फाईल आणली. रिपोर्ट शब्द न् शब्द वाचून दाखवला. डाव्या डोळ्याचा पडदा सुटतोय. ऑपरेशन केलं तर नजर वाचायची चांगली आशा. अठरा तारखेला. त्यापुढे थांबलं तर काही करता येणार नाही.

‘चांगली आशा असंच लिहिलंय?’

‘असंच.’

पुन्हा वाचायला लावलं. मग मोठ्याने हसला. किती दिवसांनी!

९, बुधवार

दिवेवाला संपला. अकरावा, शेवटचा खंड मी कामाला असते त्या औषधांच्या दुकानात, खोक्यांवर बसून, जेवणाच्या सुट्टीत आधी वाचला. म्हातारा ठार आंधळा होतो. स्वतःच लावलेल्या दिव्याखाली बसतो, वर बर्फ पडत राहतं. कोणी येत नाही. संपलं. इतकं खरं पुस्तक मी वाचलेलं नाही, आणि लिहिणाऱ्याला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या.

संध्याकाळी दादा अंगावर चादर ओढून, मान पुढे काढून ऐकत होता. शेवटचं पान आलं. आहे तसं वाचवेना. म्हटलं, ‘म्हातारा मान वर करतो. त्याला दिवा दिसतो.’

‘चौकट केवढी?’

‘पूर्ण पान.’

‘आणि फुगा?’

‘एकच. दिसला!’

डोळे पुसले त्याने. या शनिवारी तो घारीवर बोलणार आहे. दिवेवाल्याची पाळी पुढच्या महिन्यात. तोवर ऑपरेशन झालेलं असेल, खरं काय ते सांगेन तेव्हा.

१२, शनिवार

दुकानातून आले तर दादा खुशीत. ‘घारीला सुट्टी दिली आज. दिवेवाल्यावर बोललो. टाकलंसुद्धा!’

न्हाणीघरात बसून ऐकलं. चाळीस मिनिटं. त्यातली वीस त्या शेवटच्या पानावर! बाहेर येऊन कबूल करायला हवं होतं. चहा केला.

१३, रविवार

पुस्तकांच्या दुकानवाल्या काकांचा सकाळीच फोन, सगळ्यांना ऐकू येईल एवढ्या आवाजात. ‘अहो, पुस्तक उघडलं तरी होतं का? लोक खिल्ली उडवताहेत. असं पानच नाही!’

दादाने फोन ठेवला. मी सगळं सांगितलं. रडले, पाया पडले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

‘आणखी कुठे कुठे?’

‘तेवढं एकच पान, दादा. शपथ.’

मग म्हणाला, ‘आणि माझी फाईल?’

फाईल खरी आहे. अक्षर न् अक्षर खरी! ओरडून ओरडून सांगितलं. मान फिरवून बसला.

१५, मंगळवार

डॉक्टर बाईंना फोन लावून दादाच्या हातात दिला. त्या सगळं नीट बोलल्या. ‘हो हो’ करून त्याने फोन परत दिला. ‘आधी पढवून ठेवलं असशील.’

शेजारच्या मास्तरांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून रिपोर्ट वाचला, तेच शब्द. दादा म्हणाला, ‘तुम्हीही हिच्याच बाजूचे. आंधळ्याशी सगळे गोड बोलतात.’

कार्यक्रमही काढून टाकला त्याने. नऊ वर्षांचे सगळे भाग.

१८, शुक्रवार

नऊला हॉस्पिटलमधल्या नर्सबाईंचा फोन. ‘पेशंट निघाले का?’ मी फोन दादासमोर धरला. ‘तिलाच विचारा,’ म्हणाला, ‘ती छान सांगते.’

बारापर्यंत थांबतो म्हणाल्या. सव्वाबारा झालेत. दादा अजून खुर्चीतच बसलाय.