जमिनीवरचं चिनी गाव

४ एप्रिल
पाय ठेवायला जागा नाही माझ्याच घरात! बाहेरच्या खोलीभर चिठ्ठ्या. एकेक चिठ्ठी म्हणजे चीनमधलं एकेक रेशीम विणणारं घर — तेही दोनशे वर्षांपूर्वीचं. कोणाकडे किती माग, कोणी लेक कामाला धाडली, कोण देशोधडीला लागलं. नात बजावते, "आजी, पंखा लावायचा नाही हं. गाव उडेल." मेलेल्यांना वारा लागू नये म्हणून जिवंत म्हातारीनं घामानं निथळायचं!

५ एप्रिल
लेक-जावई लांब, म्हणून ही माझ्याकडे. माझी शाळा तिसरीत सुटली. हिची तिशी आली तरी सुटेना — चीनच्या इतिहासात पीएचडी, म्हणे. शेजारीण विचारते, "नात करते काय?" म्हटलं, "चिनी लोकांच्या चुली मोजते." हसली. हसू दे. तिचा लेक तेवढंही करत नाही.

परवा मुलाखत आहे. परक्या शहरात, मोठ्या विद्यापीठात, कायमची नोकरी. तिथे भाषण द्यायचं. चिठ्ठ्यांची मांडणी म्हणजेच भाषण, म्हणे. दारापासून खिडकीपर्यंत वाचत जायचं.

६ एप्रिल
पंखा लावला मी. बाहेरून आले, सवयीनं बटण दाबलं. अख्खं गाव उडालं! एक घर तर माझ्या चहात.

"आजी!!" — आणि गुडघ्यांवर बसून वेचायलाच लागली.

दोघींनी गोळा केल्या. मी आपल्या रंगानं लावल्या, पिवळ्यात पिवळ्या. तिनं कपाळावर हात मारला. "पिवळी म्हणजे विधवेचं घर. सगळ्या विधवा एका गल्लीत बसवल्यास!"
"बसू देत. गप्पा तरी मारतील."
हसली एकदाची.

७ एप्रिल
पहाटेच गेली. मांडणी काही जुळली नाही. म्हणाली, "तोंडानंच सांगते."

८ एप्रिल
आली. चपला काढतानाच म्हणाली, "नाही झालं, आजी."
"पंख्यामुळे?"
"पंख्याचा काय संबंध!" — पण तोंड फिरवून. म्हणजे पंख्यामुळेच.

बटणावर चिकटपट्टी लावली. उकडून मेले तरी बेहत्तर.

९ एप्रिल
पुन्हा गाव मांडलंय. भिंतीला धरून चालते मी. तक्रार नाही.

१२ एप्रिल
ती आंघोळीला गेलेली, तेवढ्यात तिच्या गाईडबाईंचा फोन. मीच उचलला. "आजी, समजवा हो तिला! निवड तर त्याच दिवशी झालीय, सगळ्यांत पुढे होती. पण होकारच कळवत नाही. म्हणते, आजी एकटी पडेल."

अस्सं! पंखा बिचारा निर्दोष. आडवी आले ती मी!

बाई म्हणाल्या, "मग मी 'हो' कळवू का?" म्हटलं, तुम्ही नाही आणि मीही नाही.

सगळं गाव गोळा करून तिच्या बॅगेत भरलं. रंगानंच लावलं, मुद्दाम. चिकटपट्टी ओरबाडली. पंखा पाचावर. खोली केवढी मोठी आहे!

फोन बॅगेवर ठेवलाय. बाहेर येऊ दे. उत्तर तिनंच द्यायचं — माझ्यासमोर, आणि डोकं पुसायच्या आधी.