दादाच्या हातचा जोड

प्रिय दादा,

वहिनीचा फोन आला होता. तुझा खोकला कमी आहे आणि तू डॉक्टरांचं ऐकत नाहीस, म्हणजे तब्येत उत्तम. मला मात्र चार दिवस झोप नाही.

तुमच्या कारखान्यातल्या वाफेच्या स्टील पाइपच्या एका वेल्डला तडा सापडला. त्याच्या शेजारचा, तुझ्याच हातचा दुसरा जोड कापून आमच्या प्रयोगशाळेत आला. तडा गेलेला पाइप महिनाभर, दुरुस्तीच्या वार्षिक बंदपर्यंत तग धरेल का, एवढाच प्रश्न होता. जोडाच्या तुकड्यांना तड्यासारखी खाच पाडून, ताणून मी लिहून दिलं, धरेल. खाली माझी सही.

बाबांच्या मागे तू शाळा सोडून वेल्डिंगला लागलास आणि मला शिकवलंस. जोड इतका घासून गुळगुळीत करायचास की बोटालाही सापडू नये. नेमकी तिथेच मी फसले. वेल्ड डोळ्यांना दिसत नसला की तुकड्याला आधी ॲसिड लावायचं, मग त्याची कड उमटते. मी घाईत ते टाळलं आणि अंदाजाने खूण केली. खाच पडली शेजारच्या मूळ पाइपात. तो चिवट, सहजी फाटत नाही, त्यामुळे आकडा झकास आला.

शनिवारी तुटलेले तुकडे आवरताना शंका आली, तेव्हा ॲसिड लावलं. खाच वेल्डच्या बाहेर होती. उरलेले तीन तुकडे नीट खुणा करून पुन्हा ताणले. वेल्ड पाइपाच्या निम्म्यानेही चिवट भरला नाही. यात तुझी चूक नाही. वेल्डचा धातू मुळातच कमी चिवट, त्यात वर्षानुवर्षं तापून आणखी ठिसूळ होतो. आमचे साहेब म्हणाले, "महिन्याचा तर प्रश्न आहे, कशाला उकरून काढतेस?" मी म्हटलं, "सही माझी आहे."

आज सकाळी, पाइप महिनाभर धरणार नाही असा नवा अहवाल मी स्वतः तुमच्या मॅनेजरच्या हातात दिला. माझी चूक त्यात पहिल्याच ओळीत आहे. जोडाशेजारी ठोकलेल्या तुझ्या शिक्क्याचा नंबरही लिहावा लागला. तुला फोरमन करायचं घाटत होतं, ते आता बारगळेल. चौकशीत आधी तुझ्याकडेच बोट दाखवतील. तेव्हा मी तिथे येऊन, धातूचं जे आहे ते सगळ्यांसमोर सांगणार आहे. फोनवर तू मला बोलूच दिलं नसतंस, म्हणून हे पत्र. पाळीवर तू त्याच पाइपाखाली उभा असतोस, दादा. माझ्यावर चीड, वर्षभर बोलू नकोस. पण त्यासाठी तू हवास.

तुझीच,
धाकटी