व्याह्यांचा राष्ट्रकवी

४ जानेवारी, रविवार
आमच्या निधीचे होणारे सासरे, म्हणजे कॉलिनचे वडील, अ‍ॅलिस्टर यांच्याकडे चहा. मूळचे ग्लासगोचे, आता वूस्टरला. चोवीस तारखेला त्यांच्या क्लबात त्यांच्या राष्ट्रकवीच्या जयंतीचं जेवण आहे. हॅगिस म्हणून एक पदार्थ असतो, मेंढीचं काळीज, ओट आणि कांदा पिशवीत भरून उकडलेला. तो वाजतगाजत आणतात, सगळे उभे राहतात आणि एक मान्यवर त्याच्यासमोर कवीची कविता म्हणून त्यात सुरी खुपसतो. इतकी वर्षं अमेरिकेत राहून कवीला विसरले नाहीत. मला एकदम घरचेच वाटले. जूनमध्ये लग्न आहे, तेव्हा यंदाचा मान व्याह्यांना, म्हणजे मला, हे उघड आहे.

६ जानेवारी, मंगळवार
कविता प्रिंट केली. निम्मे शब्द कुठल्याच डिक्शनरीत नाहीत. हरकत नाही, कॉलेजात वक्तृत्वाचा कप माझाच होता. रिटायर झाल्यापासून हातात काही भरीव नव्हतंच. संकल्प: रोज एक कडवं पाठ. सुरीची प्रॅक्टिस दुधी भोपळ्यावर. उत्तरा म्हणाली, अहो, आधी त्यांना विचारू तर द्या.

९ जानेवारी, शुक्रवार
विचारलं. संध्याकाळी अ‍ॅलिस्टरचा फोन. हेमचंद्र, कविता तुम्ही म्हणाल का, आम्हाला फार आनंद होईल. मी अर्थातच म्हटलं, नो नो, मी कोण, प्लीज कुणातरी मोठ्या माणसाला सांगा. ते म्हणाले, आर यू शुअर? मी म्हटलं, शुअर शुअर. ते म्हणाले, नो वरीज, आणि बर्फाविषयी बोलायला लागले.
उत्तराने कपाळावर हात मारला. तिला यातलं कळत नाही. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा माणूस हावरट दिसतो. दुसऱ्यांदा विचारतील तेव्हा थोडे आढेवेढे, तिसऱ्यांदा हो. गणपतीत अ‍ॅलिस्टर नको नको म्हणत असताना मी त्यांना मोदक वाढतच राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी ते झोपून होते म्हणे. पण आग्रह म्हणजे काय, हे तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं असणार.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत
फोन नाही. तिळगूळ द्यायला मुद्दाम स्वतः ड्राइव्ह करून गेलो, म्हणजे समोरासमोर आग्रह करणं त्यांना सोपं जाईल. तिळगूळ आवडला. निघताना मीच सहज म्हटलं की माझा घसा हल्ली एकदम उत्तम आहे. म्हणाले, ग्लॅड टू हिअर इट. माणूस अबोल आहे.

१७ जानेवारी, शनिवार
पाठ झाली. आंघोळ करताना खड्या आवाजात म्हणतो. शेजारचा कुत्रा सुरुवातीपासून शेवटपर्यंत भुंकतो. आज पुन्हा दुधीची भाजी. उत्तरा म्हणते, निदान सुरी पडवळावर तरी चालवा.

१९ जानेवारी, सोमवार
महाराष्ट्र मंडळातल्या प्रसादला जेवणाला घेऊन जायचं ठरवलं. नागपूरचा, आयटीत, नुकताच श्रूजबरीला आलाय, एकटाच असतो. टाळ्यांना आपला माणूस हवा. निधीला फोन करून त्याची एक सीट वाढवून घेतली. जरा तुटक बोलली. कामाचा ताण असणार.

२३ जानेवारी, शुक्रवार
फोन नाही. आज एकदम उलगडा झाला: ऐनवेळी, सगळ्यांसमोर आग्रह करणार. खरी पद्धत हीच. सोफ्यावरचं चौकड्यांचं पांघरूण इस्त्री केलं, त्यांचे लोक घेतात तसं खांद्यावर घ्यायला.

२४ जानेवारी, शनिवार, निघण्यापूर्वी
दुपारी काही खाल्लं नाही. पोट हलकं असलं की आवाज लागतो.

२५ जानेवारी, रविवार
लिहायची इच्छा नाही, तरी लिहितो.
हॅगिस आलं. पुढे बॅगपाइप, मागे ताट, सगळे उभे. मग अ‍ॅलिस्टर आमच्या टेबलापाशी आले. कविता म्हणणारे गृहस्थ बर्फात अडकले होते. मी पांघरूण सावरून नजर खाली घातली. ते म्हणाले, हेमचंद्र, तुम्ही नको म्हणालात, तेव्हा तुम्हाला पुन्हा त्रास देत नाही. आणि प्रसादकडे वळले. हात वर करावा असं फार वाटलं. पण स्वतःहून कसा करायचा?
प्रसादने तोंडातला पाव गिळला आणि शुअर, व्हाय नॉट म्हणाला. फोनवरून वाचली. अडेल तो शब्द सरळ गाळला. सुरी मात्र अशी खुपसली की वाफेचा लोट उठला आणि सगळा हॉल टाळ्या पिटायला लागला. मी जागेवर ओठ हलवत होतो.
मग वाढायला आले. मी नो नो, थँक यू म्हटलं. ताट पुढे गेलं ते गेलंच. व्हिस्कीचंही तेच. शेवटी उत्तराने तिच्या ताटातला बटाटा माझ्याकडे सरकवला.
पार्किंगमध्ये निधी बोलली. अ‍ॅलिस्टरना मला विचारायला तिनेच सांगितलं होतं. बाबा किती छान कविता म्हणतो, ते तिला सगळ्यांना दाखवायचं होतं. मी नाही म्हटल्यावर तिला वाटलं, मला तिच्या सासरच्यांत मिसळायचंच नाही. रडत होती. मला किती हवं होतं ते, हे मला सांगताच आलं नाही. नुसता गाडीवरचा बर्फ झाडत राहिलो.
संकल्प: यापुढे पहिल्याच विचारण्याला हो.

१ फेब्रुवारी, रविवार
सकाळी निधीचा फोन. आवाज मोकळा. म्हणाली, लग्नात मुलीचे वडील दोन शब्द बोलतात, बाबा, तू बोलशील का?
माझा ऊर भरून आला. आणि मी म्हणालो, अगं, मी कसला बोलतोय, कॉलिनच्या वडिलांना सांग.
ती म्हणाली, ओके बाबा, आय अंडरस्टँड. फोन ठेवला.
उत्तरा समोरच होती. बघत राहिली. मी तिला म्हटलं, आपली मुलगी आहे ती, परत विचारेल. फोन चार्जिंगला लावलाय. शेजारीच बसलोय.