दवाखान्याचे छत आणि बाकीचे घर

मी, खाली सही करणारी, पेशाने दंतवैद्य, आता निवृत्त, असे लिहून ठेवते की माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, हात थरथरत नाही आणि हा मजकूर मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्याच घराच्या दर्शनी खोलीत बसून लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मरायला सवड नव्हती.

१. माझी मुख्य मिळकत म्हणजे मी राहते तो व्हिक्टोरियन बंगला. चतुःसीमा खरेदीखतात आहेत. खरेदीखतात जे नाही ते मात्र इथे लिहिणे भाग आहे.

हा बंगला बांधणाऱ्याला सरळ भिंतीचा कंटाळा असावा. मनोरा मधोमध नाही, डाव्या अंगाला आहे. छपराला किती दिशांनी उतार आहेत हे पावसालाच ठाऊक. लाल विटांच्या भिंतीतून पिवळसर विटांचे पट्टे असे फिरवले आहेत, की लांबून घराला कोणी काठ लावल्यासारखे वाटते. व्हरांड्याचे खांब बिडाचे आहेत, आणि त्यांच्या माथ्यावरच्या पानांच्या शिरासुद्धा ओतणाऱ्याने वगळलेल्या नाहीत. जिना वर जाताना असा वळतो की उतरणाऱ्याची चाल आपोआप सुधारते.

दर्शनी खोलीची खिडकी भिंतीतून पुढे आली आहे आणि तिला तिन्ही बाजूंनी काचा आहेत. तिथे मी आयुष्यभर लोकांचे दात पाहिले. दिवसाउजेडी दिवा लावावा लागला नाही. आणि रोग्याच्या खुर्चीच्या बरोबर वर छत. चुन्याच्या गिलाव्यात काढलेली मोठी वेल, द्राक्षांचे घोस, पानांआड लपलेले पक्षी. रोग्याला आडवे करून आ करायला सांगितले, की त्याला पाहायला दुसरे काही उरतच नसे. लहान मुलांना मी म्हणे, "पक्षी शोध, सापडला की सांग." तोंड उघडे असल्याने कोणी सांगू शकत नसे, तेवढ्यात माझे काम होऊन जाई.

२. ही मिळकत माझ्या एकटीची कशी, याचा खुलासा पुढे वाद नको म्हणून करते.

वडिलांच्या पश्चात घर दादाचे आणि माझे, निम्मे निम्मे झाले. दादाला ते कधीच आवडले नाही, आणि त्याचे अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही. लहानपणी पन्हाळ्या साफ करायला वडील त्यालाच छपरावर चढवत. मी खाली शिडी धरून उभी. एकाच घराकडे तो वरून घाबरून बघायचा आणि मी खालून कौतुकाने.

दादाने बिल्डरशी बोलणी केली. मी वारसा समितीकडे अर्ज केला की घर संरक्षित वास्तू म्हणून जाहीर व्हावे. दादाने हरकत नोंदवली. मग सुनावणी लागली. एका बाकावर मी एकटी, समोरच्या बाकावर दादा, त्याचे वकील आणि वहिनी.

बाहेरच्या भागाला संरक्षण द्यायला समिती तयार दिसत होती. पण तेवढ्याने भागले नसते. दर्शनी भिंत तेवढी ठेवायची, आतून सगळे पोखरायचे आणि मागे मजले चढवायचे, हा बिल्डरचा दुसरा बेत तयारच होता. घराचा मुखवटा उरला असता, घर नाही.

अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टर, घराचा आतला भाग खासगी असतो. रस्त्यावरच्या माणसाला तो दिसत नाही. मग लोकांसाठी तो जपायचा कसा?"

उत्तर आले समोरच्या बाकावरून. वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, मी बोलू?"

दादा म्हणाला, "अगं, आपण त्या बाजूला नाही."

"माहीत आहे मला, मी कुठे बसलेय ते," वहिनी म्हणाल्या. "साहेब, या दालनात ज्यांचे दात आमच्या वन्संनी पाहिलेत, त्यांना फक्त एवढंच विचारा, की त्या छतावर काय आहे."

मग मागून कोणी म्हणाले, "द्राक्षं." दाराशी उभा शिपाई म्हणाला, "पक्षी आहेत ना!" समितीतल्या एक बाई म्हणाल्या, "अक्कलदाढ काढली तेव्हा मी ती वेल पाठ केली होती." दादाचे वकील तर तंद्रीतच बोलून गेले, "खिडकीकडच्या पक्ष्याला चोच नाही." आणि मग त्यांनी जीभ चावली, पण दालन हसण्यात बुडाले होते.

समिती पाहणीला आली, तेव्हा एकेक सदस्य माझ्या खुर्चीत आडवा झाला. अध्यक्ष सगळ्यांत जास्त वेळ. संरक्षणाच्या आदेशात बाहेरच्या बांधकामाबरोबर दर्शनी खोलीचे छत आणि जिना ही दोन्ही कलमे आली, कारण लोकांनी ती वर्षानुवर्षे पाहिली होती. मागचे स्वयंपाकघर मात्र आदेशात नाही, आणि नसावेच. ते माझ्या आजोबांनी बांधले आणि त्यांना बांधकाम येत नव्हते.

बिल्डर निघून गेला. दादाने आपला हिस्सा मला रीतसर विकला आणि घरात पाऊल टाकणे सोडले. वहिनींशी तो बरेच दिवस जेवणापुरतेच बोलायचा. वहिनी म्हणायच्या, "बोलेल हो, जीभ काही संपावर नाही गेली."

३. बंगला जमिनीसह मी माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला देत आहे. ती पार्लर चालवते. डॉक्टरच्या खोलीत पार्लर काय, म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी आधी तिथे जाऊन केस धुवून घ्यावेत. मान मागे टाकली की नजर कुठे जाते ते त्यांना कळेल.

अट एकच. दर्शनी खोली लोकांसाठी उघडी राहिली पाहिजे. धंदा कोणताही असो, परक्या माणसाला आत येऊन वर बघता आले पाहिजे. कुलूप लावून जपलेले छत आणि पाडलेले छत यांत मला फारसा फरक दिसत नाही. चोच नसलेल्या पक्ष्याला कोणीही चोच बसवू नये. ती तुटली की घडवणारा विसरला, यावर गावात दोन पक्ष आहेत, आणि त्यांची करमणूक मला हिरावून घ्यायची नाही.

४. माझी लोखंडी खुर्ची आणि हत्यारे दंतवैद्यक महाविद्यालयाला द्यावीत. खुर्चीचा पाय टेकायचा दांडा करकरतो. तेल घातले तरी करकरतो.

५. आमच्या चुलतभावाने, ज्याला सगळे सल्लागार म्हणतात, जिन्यावरच्या खिडकीच्या रंगीत काचा काढून टाक म्हणून मला ॲल्युमिनियमची सरकती खिडकी भेट दिली होती. ती वेष्टणासकट माळ्यावर आहे. ती त्याला परत द्यावी. त्याने ती मनापासून दिली होती, आणि मीही मनापासूनच परत करते आहे.

६. वहिनींना द्यायचे ते मी हयातीतच दिले आहे. आईच्या मोत्यांच्या कुड्या त्यांच्या कानांत आहेत, आणि मनोऱ्यातली खोली त्या केव्हाच्या वापरतात. त्याविषयी कोणी तक्रार करू नये.

७. राहिला दादा. गेल्या वर्षी त्याची दाढ ठणकली. मी दवाखाना बंद केला आहे हे ठाऊक असूनही तो आला, गाल धरून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "छोटे, बघतेस का जरा?" मी दाढ काढली. कापूस भरल्यावरही तो उठेना. वर बघत पडून राहिला. तेव्हापासून येतो.

त्याच्यासाठी काय ठेवावे हे मला ठरवता येईना, म्हणून त्यालाच विचारले. तो म्हणाला, "मला साक्षीदार कर."

हे मृत्युपत्र तपासून देणारे वकील तेच, ज्यांना चोच आठवली होती. माझ्या पश्चात अंमलबजावणीही तेच पाहतील. त्यांनी त्याला बजावले, "साक्षीदार झालात तर यातलं काहीही तुम्हाला मिळणार नाही. वहिनींनाही नाही."

"ठाऊक आहे," दादा म्हणाला. "हरकतीवर सही केली होती मी. आता एक सही घराच्या बाजूने करू द्या."

सबब त्याला काहीही दिलेले नाही.

स्थळ : राहते घर, दर्शनी खोली, खिडकीजवळ.
दिनांक : सहीशेजारी हाताने घातला आहे.

सही : मृत्युपत्र लिहून देणारी

साक्षीदार १ : शेजारच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई. माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार २ : लिहून देणारीचा थोरला भाऊ. माझ्यासमोर सही झाली. मजकूर मी सबंध वाचला आहे. माझी हरकत नाही.