आई गिअर टाकते

३ ऑगस्ट

व्हिसा आला!!! दात घासता घासता मोबाईल वाजला, आणि तोंडात फेस घेऊनच मी घरभर नाचले. बाबा म्हणाले, "आधी चूळ भर, मग परदेशी जा." आई भाजी चिरत होती, ती चिरतच राहिली. मग म्हणाली, "चला, एकदाचं झालं." एवढंच! मला वाटलं होतं रडेल. थोडी तरी.

४ ऑगस्ट

चश्मिसला सांगितलं. पहिल्या वर्षापासून आम्ही एकाच बाकावर. पुलांची बांधणी शिकायला मी चाललेय म्हटल्यावर म्हणते कशी — "तिकडचे पूल तू परत येईपर्यंत टिकले म्हणजे मिळवली!" मग मिठी मारली आणि सोडेचना.

६ ऑगस्ट

आज जेवताना आईने बॉम्ब टाकला. "मला गाडी शिकव." मला! बाबा ड्रायव्हिंग स्कूल चालवतात, अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलंय. पण आईला शिकवायला ते एकदाच बसले होते, लग्नानंतर लगेच. चौकात भांडण झालं, दोघं वेगवेगळ्या वाटांनी चालत घरी आले आणि गाडी चौकातच राहिली. त्यानंतर विषय बंद.

आणि आता अचानक? शिकाऊ परवानासुद्धा काढून ठेवलाय, गेल्याच महिन्यात, मला न सांगता. "का गं?" विचारलं तर म्हणाली, "शिकायला कारण लागतं होय?"

पण मी ओळखलं. तिला मला स्वतः विमानतळावर सोडायचंय. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

७ ऑगस्ट

पहिला धडा. कॉलेजमागचं मैदान. आई डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे, कितीही घाबरलेला पेशंट असो, औषधाचा थेंब बरोब्बर डोळ्यातच पडतो. त्याच हाताला आज पहिला गिअर सापडेना.

"क्लच हळू सोड, आई!"

"हळूच सोडतेय!"

धाडकन. गाडी बंद. पुन्हा धाडकन. तिसऱ्यांदा मैदानाच्या वॉचमनने आपली खुर्ची उचलली आणि फाटकाच्या बाहेर नेऊन ठेवली. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

१० ऑगस्ट

दुपारी घरी कोणी नव्हतं. उगीचच सगळ्या खोल्यांतून फिरले. पलंगावर आडवी झाले, उठले, खिडकी उघडली, लावली. परदेशात माझ्यावर ओरडणार कोण? ओला टॉवेल गादीवर टाकला तर तो आपला तसाच ओला राहणार. जावं असं वाटतंय, आणि कोणीतरी "नको जाऊस" म्हणावं असंही. कोणी म्हणत नाहीये. लबाड आहेत सगळे.

१३ ऑगस्ट

आईने आज दोन गाड्यांच्या मधोमध गाडी मागे घेतली. एक ओरखडा नाही! वाटेत विचारते, "चढ असला, रस्ता कच्चा असला, तर कितवा गिअर?"

म्हटलं, "विमानतळाच्या रस्त्याला कसला आलाय चढ?"

"असंच विचारलं," म्हणाली आणि आरशात बघायला लागली. चला, आरशात बघायची आठवण तरी राहिली!

१६ ऑगस्ट

पास!! पहिल्या झटक्यात! बाबा "मला काम आहे" म्हणून घरी थांबणार होते. परीक्षा संपल्यावर पाहिलं तर झाडामागे उभे. शर्ट घामाने चिंब. "एवढे उमेदवार आणले इथे, पण असा घाम कधी फुटला नव्हता," म्हणाले. आई लाजली. खरंच लाजली!

१७ ऑगस्ट

सकाळी मी म्हटलं, "आता मला विमानतळावर तूच सोडायचंस."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी चहाच्या कपात पाहिलं.

मग सगळं बाहेर आलं. दवाखान्याची फिरती गाडी आहे, डोंगरातल्या वस्त्यांवर जाते. तिचं प्रमुखपद आईला पूर्वी दोनदा देऊ केलं होतं. एकदा मी लहान होते म्हणून नाही म्हणाली, एकदा माझी बारावी म्हणून. या वेळी हो म्हणाली. तिकडे डोंगरातच राहायचं, आणि गाडी स्वतः चालवायची.

मी भडकलेच. "म्हणजे मी सुट्टीत येईन तेव्हा घरात कोण?"

"आणि तू गेल्यावर मी काय करू? तुझ्या उशा झटकत बसू?"

खोलीत जाऊन दार लावलं. थोड्या वेळाने बाबा आले. "तिला इतकी वर्षं आपण दोघांनी धरून ठेवलं," म्हणाले. "आता सोडू या गं." त्यांना विचारलं, तुम्ही एकटे काय कराल? "दर शनिवारी जाईन तिच्याकडे. शिकाऊ ड्रायव्हरच्या शेजारी बसण्यात आयुष्य गेलं माझं, आणखी एक!"

हसू आलं. रागावर पाणीच पडलं. बाहेर येऊन आईला विचारलं, "डोंगरात थंडी असेल ना? स्वेटर घेतलास?" माझ्याच तोंडून तिचा आवाज!

२० ऑगस्ट

तिकडच्या आधीच्या बाईंनी काम लवकर सोडलं, म्हणून आईला आजच हजर व्हायचं होतं. माझं विमान परवा. आईने सामान भरलं, आरसे नीट केले, आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाली. फाटकाशी उभं राहून हात हलवत, नाक पुसत — मी!